योबेल वर्ष आणि जमिनीचा विसावा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली. या आनंदाच्या प्रसंगी मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, ती मी शिरसावंद्य मानली. विषय कोणता घ्यावा हे मजवरच सोपविले होते. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर उभे राहून शेणखत, कंपोस्ट आणि भाताची खाचरे यांविषयी बोलणारा मनुष्य आपणांपैकी कित्येकांस अप्रासंगिक वाटेल, हे मी जाणून आहे. परंतु ज्या ‘ज्युबिली’च्या नावाने आपण हा उत्सव साजरा करीत आहोत, त्या ज्युबिलीचा जन्मच मुळी जमिनीच्या कायद्यात झालेला आहे, याचे स्मरण मी आपणांस प्रारंभीच देऊ इच्छितो.

हिब्रू भाषेतील ‘योबेल’ म्हणजे मेंढ्याचे शिंग. ते शिंग फुंकून ज्या वर्षाची द्वाही फिरवावयाची ते योबेल वर्ष. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे नियम घालून दिले आहेत. सहा वर्षे शेत पेरावे, सातव्या वर्षी त्यास विसावा द्यावा; अशी सात सप्तके लोटली म्हणजे पन्नासावे वर्ष पवित्र मानावे. त्या वर्षी पेरणी करू नये. दारिद्र्यापायी ज्यास दुसऱ्याच्या घरी राबावे लागले त्यास मोकळे करावे. आणि अडचणीत विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत द्यावी. याचे कारणही तेथेच सांगितले आहे. जमीन परमेश्वराची आहे. आपण तिच्यावरचे पाहुणे आणि बिऱ्हाडकरू आहोत.

पन्नासाव्या वर्षाचे असे तीन धर्म ठरले: मातीस विसावा, राबणाऱ्याची सुटका, आणि जमिनीचा खरा धनी कोण याचे स्मरण. या तीन धर्मांच्या प्रकाशात, रासायनिक खते व विषारी औषधे टाळून केलेली जी शेती, जिला आज सेंद्रिय शेती म्हणतात, तिचा आणि लोकांच्या आरोग्याचा संबंध काय, याचा आज विचार करू.

प्रथम आपण जेथे राहतो ती भूमी पाहावी. मुळशी तालुका सह्याद्रीच्या माथ्यापासून पुणे शहराच्या वेशीपर्यंत पसरला आहे. पश्चिमेस ताम्हिणीच्या बाजूस पाऊस असा कोसळतो की डोंगर दिसेनासे होतात. पूर्वेस पिरंगुट आणि हिंजवडीकडे कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत. मध्ये भाताची खाचरे, आणि उतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी. येथील आंबेमोहोर तांदळाची कीर्ती मी वेगळी सांगावयास नको. शिजू लागला म्हणजे आंब्याच्या मोहराचा वास घरभर दरवळतो, म्हणून त्यास ते नाव पडले. याच भूमीसाठी सन १९२१ मध्ये मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्याचे पुढारी झाले आणि ‘सेनापती’ या नावाने महाराष्ट्रास परिचित झाले. तो लढा १९२४ पर्यंत चालला. तथापि धरण झाले, खाचरे पाण्याखाली गेली, आणि मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळाली. पोटाची जमीन देऊन दुसऱ्याचा दिवा लावणारा हा तालुका आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे ऐकावे.

आपणांपैकी पुष्कळांचे मूळ गाव येथले नव्हे. कोणी नगरकडून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून. शास्त्रात ज्यांस पाहुणे आणि बिऱ्हाडकरू म्हटले आहे ते आपण येथे अक्षरशः आहोत. परंतु या तालुक्याचे पाणी आपण पितो आणि या तालुक्याच्या मातीचे अन्न खातो. म्हणून तिच्या सुखदुःखाचा विचार करण्याचे कर्तव्य आपणांस चुकत नाही.

आता पहिला धर्म, मातीचा विसावा. पूर्वी येथील शेतकरी रोपे टाकावयाच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वर बारीक माती असे थर रचून उन्हाळ्यात ते भाजीत. यासच राब म्हणतात, आणि अद्यापही काही ठिकाणी ही चाल आहे. राबाने तणांचे बी जळते व रोपास राख मिळते, हे खरे. पण त्यापायी झाडे ओरबाडली जातात आणि शेणातील नत्र धूर होऊन आकाशात जाते. यावरून आपल्या ध्यानात येईल की, जुने ते सारे सोने असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. जुन्या काळी उपासमार होती, कर्ज होते, आणि तांदूळ पिकविणाऱ्याच्या ताटात पुष्कळदा नाचणीच असे.

रासायनिक खतांचा इतिहासही न्यायबुद्धीने सांगितला पाहिजे. वनस्पतीस कोणती खनिज द्रव्ये लागतात हे लीबिग नामक जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये मांडले. हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची युक्ती फ्रिट्स हाबर याने १९०९ मध्ये साधली, आणि कार्ल बॉश याने १९१३ पासून ती कारखान्यात उतरविली. पुढे १९६६ मध्ये फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हे बुटके, खत पचविणारे वाण दिले. आपल्या शेजारच्या वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने त्याच आयआर-८ चा आंबेमोहोर १५७ शी संकर करून १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ हे वाण काढले, जे आज मावळ-मुळशीत घरोघर आहे. या शोधांनी कोट्यवधी लोकांच्या तोंडी घास पडला. मुलांचे पोट भरावे म्हणून ज्या माउलीने युरियाचे पोते डोक्यावर वाहून खाचरापर्यंत नेले, तिला दोष देणारा मी कोण?

परंतु जे औषध म्हणून आले तेच आहार होऊन बसले, येथे घोटाळा झाला. माती म्हणजे नुसती भुकटी नव्हे. पाने, मुळे, शेण कुजून जे काळे, भुसभुशीत द्रव्य होते, ज्यास शास्त्रज्ञ ह्यूमस म्हणतात, ते मातीचे कण धरून ठेवते, पाणी शोषून ठेवते, आणि असंख्य सूक्ष्म जीवांचे व गांडुळांचे घर बनते. युरियाच्या पोत्यात शंभर भागांत सेहेचाळीस भाग नत्र आहे. पण त्यात ह्यूमसचा एक कणही नाही. वर्षानुवर्षे केवळ पोत्यावर भिस्त ठेवली, शेणखत बंद झाले, पेंढा विकला गेला किंवा जाळला गेला, की माती भरडते, कडक होते, आणि तेवढेच पीक येण्यास दर वर्षी अधिक खत मागू लागते.

आणि आपल्या तालुक्याचा पाऊस तर या खताचा वैरी आहे. पाणी भरलेल्या खाचरात वर फेकलेल्या युरियाचा काही अंश हवेत उडून जातो, काही पाण्याबरोबर बांध ओलांडून ओढ्यास मिळतो. टाकलेल्या नत्राचा निम्म्याहून अधिक भाग पुष्कळदा पिकास लाभतच नाही. तो जातो कोठे? ओढ्यातून मुळेत. आणि मुळेचे पाणी पुढे पुण्याच्या दारातून वाहते. जे नत्र पिकास लाभते तेही अति झाले म्हणजे रोप हिरवेगार, लुसलुशीत आणि नाजूक होते. मग त्यावर करपा पडतो, खोडकिडा शिरतो, तपकिरी तुडतुडे तुटून पडतात. आंबेमोहोरासारखे उंच वाण तर लोळतेच. किडीमागून फवारणी येते, फवारणीने किडीबरोबर तिला खाणारे कोळी आणि चतुरही मरतात, आणि पुढच्या वर्षी किडीस शत्रू न उरल्याने फवारणी वाढते. खताच्या पोत्यामागून विषाची बाटली अशी पायरीपायरीने घरात आली आहे.

येथून दुसरा धर्म सुरू होतो, राबणाऱ्याची सुटका. सार्वजनिक आरोग्याची गोष्ट निघाली म्हणजे शहरातील मनुष्य प्रथम आपल्या ताटाकडे पाहतो. ‘माझ्या भाजीत विष किती?’ हा प्रश्न योग्य आहे. पण तो पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा की, ज्याने फवारले त्याचे काय झाले? सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंस रुग्णालयात न्यावे लागले. अंगापेक्षा उंच वाढलेल्या पिकात, उकाड्यात, अंगावर पुरेसे संरक्षण नसता ते काम करीत होते. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले; त्या भागातील मुलांच्या व्याधींची कहाणी इतकी दारुण ठरली की २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्या औषधावर बंदी घातली. आणि १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये ज्या वायूने झोपेतच हजारोंचे प्राण घेतले, तो कीटकनाशक बनविण्याच्याच कारखान्यातून सुटला होता. विषाने शेतापर्यंत पोचण्यापूर्वीच गरिबांच्या वस्त्या गाठल्या.

माझ्या मते सेंद्रिय शेतीचा सर्वांत भक्कम आधार येथे आहे. सेंद्रिय धान्यात जीवनसत्त्वे पुष्कळच अधिक असतात असे काही लोक छातीठोकपणे सांगतात. शास्त्रज्ञांत त्याविषयी एकमत नाही, आणि सत्यास सोडून केलेली स्तुती शेवटी त्या वस्तूचेच नुकसान करते. परंतु फवारणारा वाचतो, विहिरीचे व ओढ्याचे पाणी शुद्ध राहते, आणि खाणाऱ्याच्या ताटात विषाचा अंश कमी येतो, हे तीन लाभ निर्विवाद आहेत. शेजाऱ्यावर प्रीती करावी अशी ज्यांस आज्ञा आहे, त्यांस पहिला लाभ एकटाच पुरेसा आहे.

तांदळाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या स्वयंपाकघराच्या हाती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्यास असे आढळले की, पांढरा सडलेला तांदूळ खाऊन कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि कोंड्यासहित तांदूळ दिला म्हणजे त्या बऱ्या होतात. बेरीबेरी या रोगाचे मर्म त्यातून उलगडले, आणि १९२९ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य काय, तर शेतकऱ्याने निर्मळ धान्य पिकवावे आणि आपण गिरणीत त्याचे सत्त्व कोंड्याबरोबर टाकून द्यावे, हे शहाणपण नव्हे. हातसडीचा अथवा कमी पॉलिशचा तांदूळ मागणे हेही आरोग्याचेच काम आहे.

मग मातीस विसावा द्यावयाचा कसा? सातव्या वर्षी शेत पडीक ठेवणे दोन एकरांच्या धन्यास कसे परवडावे? याचे उत्तर आपल्या मराठी माणसांच्या ओळखीच्याच एका नगरीत सापडले आहे. होळकरांच्या इंदूर संस्थानात १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. सन १९०५ मध्ये ते बिहारातील पुसा येथे सरकारी नोकरीवर आले, ते हिंदुस्थानच्या शेतकऱ्यास शेती शिकविण्यासाठी; पण शेतकरी आणि पिकांवरील कीड हेच आपले गुरू होत, असे त्यांनी मोकळ्या मनाने कबूल केले. जेथे माती सकस तेथे पीक व जनावर दोन्ही निरोगी, हे त्यांस दिसून आले. इंदुरात त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून खत कुजविण्याची एक सुटसुटीत रीत बसविली, आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावे ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. हॉवर्डसाहेबांचे नाव सर्वत्र झाले. यशवंत वाड यांचे नाव मात्र आपणांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. ते आज येथे आदराने घ्यावेसे वाटते.

पद्धत अशी. दोन-तीन फूट खोल खड्डा घ्यावा. त्यात पालापाचोळा, तण, काडीकचरा यांचा थर द्यावा. त्यावर शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि थोडी लाकडाची राख शिंपावी. असे थरावर थर चढवावे. ढीग ओला असावा, पण चिंब नसावा. आत हवा खेळली पाहिजे. तीन महिन्यांत तीनदा तो वरखाली करावा. आत उष्णता चढते, तणांचे बी व रोगजंतू मरतात, आणि नव्वद दिवसांनी शेणाचा वास नाहीसा होऊन मातीचा सुवास येणारे काळे खत हाती पडते. राबात जे धूर होऊन जात होते तेच येथे अन्न होऊन राहते. सातव्या वर्षाचा विसावा ज्यास परवडत नाही त्याने दर वर्षी मातीस तिचा वाटा परत द्यावा. योबेलचा नियम अशा रीतीने लहान शेतकऱ्यासही पाळता येईल. एवढे मात्र ध्यानात असावे की, कच्चे शेण पाणी भरलेल्या खाचरात टाकले तर मिथेन वायू अधिक निघतो, आणि तो पृथ्वीचे तापमान वाढविणारा आहे. म्हणून खत पुरते मुरलेलेच असावे.

आपल्या तालुक्यात शेणाचा तुटवडा आहे, कारण बैल गेले आणि यंत्रे आली. त्यावर उपाय बांधावर उभा आहे. गिरिपुष्पाचे झाड फांदी खोचली तरी जगते, हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठविते, आणि त्याचा कोवळा पाला लावणीपूर्वी आठ-दहा दिवस चिखलात गाडला म्हणजे उत्तम हिरवळीचे खत होते. डॉ. नारायण सावंत यांनी प्रसृत केलेल्या ‘चारसूत्री’ भातलागवडीत हा गिरिपुष्पाचा पाला आहे, भाताच्या तुसाची राख व पेंढा शेतातच परत करणे आहे, आणि पंधरा व पंचवीस सेंटिमीटर अंतरांवर नियंत्रित लावणी आहे. चौथे सूत्र मात्र युरियाच्या गोळ्या मातीत खोल पुरण्याचे आहे, म्हणजे ती पद्धत संपूर्ण सेंद्रिय नव्हे. तरीही जो शेतकरी एकदम सर्व सोडू शकत नाही त्यास ती मधली पायरी आहे. खत वर फेकण्याऐवजी खोल पुरल्याने ते पाण्याबरोबर वाहून जात नाही व थोडक्यात भागते. कीड आवरण्यासाठी कामगंध सापळे आहेत, पक्ष्यांस बसावयास खाचरात रोवलेल्या काठ्या आहेत, कडुलिंबाचा व दशपर्णीचा अर्क आहे. आणि देशी बियाण्यांचे जतन कसे करावे हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे कार्य पाहावे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंस २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता आक्षेप ऐकू. पहिला असा की, सेंद्रिय शेतीने उत्पन्न घटते. हा आक्षेप खरा आहे, विशेषतः पहिली दोन-तीन वर्षे. पोत्याची सवय लागलेली माती एका पावसाळ्यात सुधारत नाही. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ मध्ये एका फटक्यासरशी रासायनिक खतांवर बंदी घातली. कंपोस्टची सिद्धता नव्हती, शेतकऱ्यांस शिक्षण नव्हते. भाताचे पीक कोसळले आणि वर्ष संपण्यापूर्वीच बंदी मागे घ्यावी लागली. उलट सिक्कीम राज्याने दहा-बारा वर्षे पावले टाकीत जाऊन २०१६ मध्ये आपण पूर्ण सेंद्रिय झाल्याचे जाहीर केले. या दोन उदाहरणांचा बोध स्पष्ट आहे: हे काम हुकमाने होत नाही, धीराने होते.

दुसरा आक्षेप असा की, सेंद्रिय माल महाग असतो; तो श्रीमंतांच्या ताटाचा थाट आहे. या आक्षेपापाशी मला तिसरा धर्म आठवतो, जमिनीचा खरा धनी कोण? जमीन जर देवाची, तर तिची निगा राखण्याचा भार एकट्या शेतकऱ्याच्या माथी का? आज काय होते ते पाहा. आपण म्हणतो, ‘शेतकऱ्याने विष टाकू नये.’ तो टाकीत नाही. त्याचे पीक घटते. तो दर थोडा वाढवून मागतो. आणि आपण पलीकडच्या दुकानातला स्वस्त तांदूळ घेतो. मग एके दिवशी जमिनीचा दलाल त्याच्या दारी येतो, आणि खाचरावर बंगल्याची पाटी लागते. ती पाटी पाहून आपण हळहळतो. पण त्या विक्रीखतावर आपलीही अदृश्य सही असते, हे आपण विसरतो.

हे सारे आपल्या धर्मास परके नाही. सन २०१५ मध्ये परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हा एकच आहे असे शिकविले. आपल्याच भागात पाहावयाचे तर स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले, आणि नगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत, गावकऱ्यांच्या श्रमदानातून डोंगरउतारावर माती व पाणी अडविण्याच्या कामास त्यांनी आयुष्य वाहिले. १९९३ मध्ये त्यातूनच ‘वॉटर’ ही पाणलोट विकासाची संस्था उभी राहिली. तिकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बागायतीचा हिरवा पट्टा वाचविण्यासाठी हरित वसईच्या चळवळीत उडी घेतली. माती सांभाळणे हेही धर्मगुरूचे काम होय, हे या दोघांनी कृतीने दाखविले. आणि मिस्साबलीच्या वेळी आपण काय पाहतो? वेदीवर जी भाकर वाहिली जाते ती प्रथम भूमीची व मग कष्टणाऱ्या हातांची देणगी म्हणूनच वाहिली जाते. त्या भूमीत विष आणि त्या हातांस विषबाधा, अशी स्थिती असता आपले अर्पण निर्दोष राहील काय?

तेव्हा नुसते व्याख्यान ऐकून घरी न जाता या योबेल वर्षी आपल्या धर्मग्रामाने चार लहान गोष्टी कराव्या, अशी माझी विनंती आहे.

पहिली: आपणांपैकी ज्या कुटुंबांस शक्य असेल त्यांनी वर्षाचा तांदूळ याच तालुक्यातील, विष सोडण्यास तयार असलेल्या शेतकऱ्यांकडून थेट घ्यावा, आणि त्याची निम्मी किंमत पेरणीच्या वेळी, जेव्हा त्यास सावकाराचे दार दिसते तेव्हा, आगाऊ द्यावी. दुसरी: हा करार तीन वर्षांचा असावा. पहिल्या वर्षी पीक बुडाले तरी तो मोडू नये, कारण तोटा सोसण्याची तीच वर्षे होत. शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांच्या शेताची हमी देण्याची ‘पीजीएस’ ही सरकारी योजना २०११ पासून आहे. तिच्यामुळे महागड्या दाखल्यावाचूनही विश्वास ठेवता येतो. आणि खाणाऱ्यांनी शेत पाहावयास जावे याहून मोठा दाखला कोणता? तिसरी: ख्रिस्तमंदिराच्या आवारातील पालापाचोळा, वेदीवरची निर्माल्य फुले आणि सणावाराच्या जेवणावळींतील भाज्यांची टरफले जाळू अथवा फेकू नयेत; आवाराच्या कोपऱ्यात इंदूर पद्धतीचा एक खड्डा घ्यावा, आणि तो वरखाली करण्याचे काम तरुण मंडळींनी पाळीपाळीने अंगावर घ्यावे. चौथी: वसईकडे आगेऱ्याच्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या मंदिरात आणून आशीर्वाद घेण्याची जी सुंदर चाल आहे, ती आपणही येथे सुरू करावी, पण त्या लोंब्या बाजारातून न आणता ज्याच्या खाचरात त्या पिकल्या त्या शेतकऱ्यास, मग तो कोणत्याही धर्माचा असो, सन्मानाने बोलावून त्याच्याच हाती वेदीपर्यंत आणवाव्या.

मावळात पूर्वी इर्जिकेची रीत होती. एखाद्याचे शेत मागे पडले, बैल मेला, घरात आजार आला, की सारा गाव आपापले नांगर घेऊन त्याच्या बांधावर जाई, दिवसभर राबून त्याचे शेत नांगरून देई, आणि संध्याकाळी त्याच्या घरची भाकरी खाऊन परते. त्यास कोणी उपकार म्हणत नसे, कारण उद्या तीच पाळी आपली. मी आपणांपुढे मांडलेली योजना ही एवढीच आहे. आपल्यापाशी नांगर नाही. पण पगार आहे, ताट आहे, आणि शब्द पाळण्याची शक्ती आहे. तेवढ्यावर इर्जिक घालता येते.

शिंग फुंकल्यावाचून योबेल सुरू होत नाही, असे शास्त्र आहे. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या मंदिराची घंटा पुष्कळदा वाजली. यंदा ती वाजली म्हणजे तिचा नाद खाचरापर्यंत जावा. तेथे चिखलात वाकलेल्या बाईने मान वर करून म्हणावे की, ही माणसे आपली आहेत. ज्या प्रभूने पेरणाऱ्याचा दाखला सांगितला तो आपल्या संकल्पास बळ देवो, ही प्रार्थना.